‘हप्ते थांबवा’ म्हणणाऱ्या मेसेजची उलटतपासणी

‘आरबीआयचा नवा नियम! बचत गट व फायनान्सची छोटी कर्जे माफ! सोबत घरखर्च निम्म्यावर आणणारे आठ उपाय. आपल्या गटातील 21 भगिनींना पाठवा.’ देवळाच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा मी पुढे सरकलो. क्रिकेटच्या ग्रुपवर आला तेव्हाही गप्प बसलो. मग आचऱ्याच्या मावशीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बाबू, ह्यां खरां काय रे? बुधवारी हप्तो आसा.’

मावशी, ह्यां खरां नाय. आता सविस्तर सांगतो, कारण तू एकटी नाहीस. तुझ्या गटातल्या निम्म्या बायकांनी हा मेसेज वाचला असणार आणि त्यातल्या दोघी-तिघी बुधवारी मिटिंगला न जाण्याच्या विचारात असणार.

मेसेजमध्ये पहिला मुद्दा कर्जाचा आणि पुढचे आठ वाणसामान, लाइट बिल, गॅस असे किरकोळ. माझा संशय असा की किरकोळ गोष्टी पहिल्या मुद्द्याला वजन यावं म्हणूनच जोडल्या आहेत. फ्रिजबद्दल सांगणारा माणूस आपल्या भल्याचंच बोलतोय असं वाटतं, मग कर्जाचंही पटतं.

तर पहिला मुद्दा, शब्दशः: ‘आरबीआयने 1 लाखापर्यंतची विनातारण कर्जे रद्द केली आहेत. नोंदणी करून कर्जमुक्ती प्रमाणपत्र घ्या, शुल्क 2,500 रु. प्रमाणपत्र मिळताच हप्ते थांबवा. वसुलीचा माणूस आल्यास ते दाखवा.’

रिझर्व्ह बँक कुणाचंही कर्ज माफ करत नाही. तिने तुला कर्ज दिलेलंच नाही, तर ती सोडणार काय? कर्जमाफी सरकार करतं आणि ते पैसे सरकारी तिजोरीतून बँकांना मिळतात. 2008 ची केंद्राची माफी, 2017 ची आणि 2019 ची राज्याची, या तिन्ही शेतीकर्जासाठी होत्या. त्यांचे शासन निर्णय निघाले, याद्या लागल्या. एकाही वेळी अडीच हजार भरून प्रमाणपत्र विकत घ्या असं सरकारने सांगितलं नव्हतं.

आणि या प्रमाणपत्राबद्दल रिझर्व्ह बँकेने स्वतःच सांगून ठेवलंय. 11 डिसेंबर 2023 रोजी तिने एक प्रसिद्धीपत्रक काढलं. त्यात लिहिलंय की काही जण छापील जाहिरातींतून आणि सोशल मीडियावरून कर्जमाफीचं आमिष दाखवत आहेत, कुठलाही अधिकार नसताना सेवा शुल्क किंवा कायदेशीर शुल्क घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रं देत आहेत, आणि बँकांचं देणं फेडायची गरज नाही असा खोटा प्रचार करत आहेत. अशांच्या नादी लागलात तर थेट आर्थिक नुकसान होईल, त्यांची तक्रार पोलिसांकडे करा, असंही त्यात आहे. म्हणजे ज्या बँकेचं नाव घेऊन हा मेसेज फिरतोय, तिनेच या धंद्याला आधीच नावं ठेवलेली आहेत. ग्रुपवर कुणी हुज्जत घातली तर ही एक तारीख त्याच्या तोंडावर टाकावी, बाकी वाद घालू नये.

पण अडीच हजार बुडाले एवढ्यावर हे थांबत नाही, म्हणून मला जास्त राग आहे. फायनान्सचं ग्रुप लोन एकीच्या नावावर असलं तरी जबाबदारी गटाची धरली जाते. मावशीने बुधवारी हप्ता दिला नाही, तर तिच्या वाटचे पैसे शेजारची काढणार. तीही काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बी सोलणारी. दोन बुधवार असे गेले की विहिरीवर बोलणं बंद, तिसऱ्या बुधवारी गट फुटला. मेसेज लिहिणारा तोवर दुसऱ्या तालुक्यात. कर्ज तसंच उभं, वर थकबाकीची नोंद क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, गेलेली. मग पोराच्या कॉलेजसाठी किंवा घरावर पत्रे घालायला बँकेत गेलं की साहेब कॉम्प्युटरकडे बघून मान हलवणार.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. हा मेसेज पसरतो, कारण हप्त्यांनी बायका खरंच जेरीला आल्यात. एका घरात तीन-तीन कंपन्यांची कर्जं, व्याज वीस टक्क्यांच्या वर, आणि एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. यात तक्रार करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी खरे नियमही आहेत. 14 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांसाठी चौकट घालून दिली. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज त्यात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि हे बघायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, थकबाकीदारांची नावं जाहीर करायची नाहीत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावायचा नाही. व्याज आणि सगळे आकार कर्जदाराला कळतील अशा भाषेत कर्जाच्या कार्डावर लिहून द्यायचे.

त्रास होत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याला एक रुपया लागत नाही, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. भगिनींचा एवढाच कळवळा होता तर मेसेजमध्ये हा नंबर टाकायचा ना. पण त्यात अडीच हजार कुठून सुटणार!

शिवाय ‘बचत गट व फायनान्स’ असं एका दमात लिहून त्याने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. उमेद या सरकारी अभियानाखालचा आपल्या गावातला बचत गट वेगळा आणि बुधवारी मोटारसायकलवरून येणाऱ्या कंपनीचा गट वेगळा. बचत गटात स्वतःची बचत असते, आणि गटाला बँकेतून 3 लाखांपर्यंतचं कर्ज 7 टक्क्यांनी मिळण्याची योजना आहे. कर्जातून सुटायचं तर खरी वाट इथे आहे: गटाच्या स्वस्त कर्जातून कंपनीचं महाग कर्ज फेडून टाकायचं. त्यासाठी गटाची वही नीट हवी, बैठका वेळेवर हव्यात. ते कष्टाचं काम आहे, फॉरवर्ड करण्यासारखं नाही.

दुसरा मुद्दा क्रेडिट कार्डाचा. ‘मिनिमम ड्यू भरत राहा, व्याज लागत नाही.’ हे मावशीच्या कामाचं नाही, पण मुंबईत राहणाऱ्या तिच्या पोराच्या नक्की कामाचं आहे. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो. व्याज सुरूच राहतं, आणि आधीचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. समजा 20,000 बाकी आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. पोराने हजार रुपये भरले. त्यातले 700 व्याजाचे, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 126. हजारातले 174 रुपये मुद्दलात गेले. फक्त किमान रक्कम भरत गेलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते हा इशारा बिलावरच छापायला रिझर्व्ह बँकेने लावलं आहे. बारीक अक्षरात असतो, पण असतो.

पुढे ‘बिनव्याजी हप्त्यावर वस्तू घ्या, पैसे हातात राहतात.’ शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच सांगितलं होतं. मोबाइलच्या दुकानात जाऊन रोखीचा भाव विचारा. तो ऐकला की हप्त्यातलं व्याज आपोआप कळतं.

लाइट बिलाचं म्हणणं असं की, ‘100 च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने.’ चूक. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याचे आहेत. पहिली 100 युनिटं पहिल्याच दराने धरली जातात, पुढच्या टप्प्याचा दर 101 व्या युनिटापासूनच लागतो. तो दर जवळजवळ दुप्पट आहे एवढं खरं, त्यामुळे 100 च्या आसपास असलेल्या घराने दिवे-पंखे बघून वापरणं शहाणपणाचं. जुने बल्ब काढून एलईडी लावा, सेट टॉप बॉक्स भिंतीच्या बटणावर बंद करा, थोडा फरक पडेल. पण रात्री फ्रिज बंद ठेवायचा सल्ला मे महिन्यात मालवणात पाळून बघावा. सकाळी आत ठेवलेला बांगडा आपणहून बाहेर यायचं म्हणेल. आणि रात्रभर तापलेला फ्रिज सकाळी पुन्हा गार करायला बरीचशी वीज लागतेच.

गॅसचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. ‘सिलिंडर संपत आला की आडवा करा, दोन दिवस जास्त चालतो.’ सिलिंडरमध्ये खाली द्रव असतो आणि वर वायू, शेगडीला वायू लागतो. आडवा केला की द्रवच रेग्युलेटरमधून नळीत येतो, आणि बाहेर पडला की त्याचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. स्वयंपाकघराला आग लागायची असेल तर हा उपाय. डाळ-तांदूळ भिजवून कुकरला लावा, झाकण ठेवून शिजवा, यापलीकडे गॅस वाचवायची जादू नाही.

‘वर्षाचं सामान एकदम घ्या.’ घ्या! कोकणातल्या बायकांना हे शिकवायला निघालाय. मे संपायच्या आत तांदूळ, कुळीथ, मिरच्या, सोलं, चिंच, मीठ, सुकी मासळी, लाकडं, सगळी बेगमी आजीच्या आजीपासून होतेय. सल्ला अर्धा बरोबर आहे. चुकतो कुठे, तर त्याने यादीत रवा, मैदा, पोहे आणि साखर घातलीय. आमच्या पावसात साखरेला पाणी सुटतं, रव्यात जाळी धरते, पापडाला बुरशी येते. ही माणसं सातारा-सांगलीकडची हवा धरून लिहितात. आणि वर हे सामान क्रेडिट कार्डावर घ्या म्हणतो, म्हणजे बिल थकलं तर तांदळावर वर्षाला बेचाळीस टक्के व्याज.

मासे सोडून सोयाबीन खा, महिना तीन हजार वाचतील, यावर मी काही लिहीत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते, तेव्हा आपण सुक्या बांगड्यावर आणि सुकटीवर काढतोच. तारली स्वस्त झाली की खारवून ठेवा. सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, नाव काढू नका, तो भाव ऐकवत नाही.

शेवटचा मुद्दा शिकलेल्या लोकांना फार आवडतो: ‘पगाराचे तीन भाग करा, 50 टक्के गरजा, 30 टक्के हौस, 20 टक्के बचत.’ पगार कुणाला आहे? आमच्याकडे पैसा महिन्याने येत नाही, हंगामाने येतो. काजू बी मार्च ते मे. आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, वाशीच्या दलालाकडून त्याच्या सवडीने. पर्यटकांच्या होड्या पाऊस लागेपर्यंत. जूनला सगळं एकदम थांबतं आणि त्याच महिन्यात शाळेची पुस्तकं, लावणीची मजुरी, गळकं छप्पर हे पुढ्यात येतं. पाठोपाठ गणपती, मुंबईहून येणारी माणसं, नैवेद्य, भजनाला येणाऱ्यांचा चहा. हप्ता मात्र बारा महिने दर बुधवारी. इथलं कर्ज जून ते भाद्रपदाच्या मधल्या भगदाडातून शिरतं, हौशीतून फार कमी.

म्हणून मुदतीआधी फेडीला दंड नाही हा नियम मावशीच्या सर्वात जास्त उपयोगाचा आहे. मे महिन्यात हातात रक्कम असते तेव्हा कंपनीच्या साहेबाला विचारायचं: एवढे एकरकमी भरते, बाकी किती राहते, पावसाळ्यातले हप्ते किती कमी होतात, लिहून दे. हापूसच्या बागेवर पीककर्ज असलेल्यांनीही ‘माफी येतेय, थकवा’ हे ऐकू नये. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज आणि वेळेत फेडलं तर 3 टक्क्यांची सवलत, म्हणजे केंद्राच्या योजनेत 4 टक्के पडतं. थकवलं की ही सवलत गेली. माफी येईल तेव्हा येईल.

ज्यांनी अडीच हजार भरून टाकले असतील त्यांनी लाजून गप्प बसू नये. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पोलीस ठाण्यात जा. मेसेज, समोरच्याचा नंबर, पैसे गेल्याची नोंद, यातलं काही पुसू नका. आणि त्या प्रमाणपत्रावर विसंबून बुधवारचा हप्ता चुकवू नका.