मामा, चौदा मारले!

आज दुपारपासून डोकं तापलंय, आणि त्यात परभणीच्या उन्हाचा काही दोष नाही.

भाचा आलाय सुट्टीला. कूलरसमोर पालथा पडून फोनवर धाडधाड गोळीबार. थोड्या वेळानं ओरडला, "मामा, चौदा मारले!" मी कौतुकानं विचारलं, कुणाकुणाला रे? तर म्हणे, "कुणाला म्हंजे? असंच." शेजारी बसून बघितलं. त्यातले निम्मे बॉट! माणूसच नाही, खेळानंच उभी केलेली बुजगावणी. समोर येतात, थांबतात, आभाळात गोळ्या घालतात अन् मरतात. आणि पोरगं वर मला बंदुकीचा सोनेरी रंग दाखवायलंय. विकत घेतलेला रंग. माझ्या बहिणीच्या पैशानं.

चौदा मारले आणि एकाचंही नाव माहीत नाही. ह्याला खेळ म्हणायचं?

2005 ची गोष्ट. तुमच्यातल्या अर्ध्यांना पाठ आहे, तरी सांगणार. स्टेशन रोडच्या मागच्या बोळातला कॅफे, आठ कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये. खेळ काउंटर-स्ट्राइक 1.6, दोन टोळ्यांचा बंदुकांचा खेळ, मॅप म्हणजे लढायची जागा कायम डस्ट टू. चार इकडं, चार तिकडं. माझे तिघं मेलेले. बॉम्ब मी बी साइटला, म्हणजे मॅपवरच्या बॉम्ब लावायच्या एका जागी, लावलेला. त्यांच्यातला एकच जिवंत, आणि तो माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलेला. नाव सांगत नाही, आता सरकारी नोकरीत आहे.

या खेळात मेलं की मेलं. राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्यामुळे मेलेले सहाही जण उठून आमच्या दोघांच्या खुर्च्यांमागं उभे. कुणी हूं नाही की चूं नाही. दुसऱ्याच्या स्क्रीनकडं बघणं आमच्यात चोरीइतकं पाप, त्याहून मोठं पाप म्हणजे बघून सांगणं. आता सांगा, तेव्हा माझ्या छातीत जे धडधडत होतं ते सोनेरी रंगात मिळतं का? मरणाला काही किंमत असली तरच जगण्यात मजा आहे ना. ह्याच्या फोनवर मेलं की बटण दाबा, नवीन डाव चालू. मरणसुद्धा फुकट!

आणि निशाणा. एके-47 ची पहिली गोळी सरळ जाते, पुढच्या वर चढत जातात, म्हणून माऊस हळूहळू खाली ओढत राहायचा. आमच्याकडं गोळीवाला माऊस. त्यातली गोळी काढून रुळांवरचा मळ नखानं खरडायचा, मग खेळायला बसायचं. दोन महिने लागले मला हात बसायला. ह्याच्या फोनवर निशाणा आपोआप सरकून माणसावर बसतो. मग तू काय करायलास बाबा? अंगठ्याला व्यायाम?

मान्य, तुमचे ग्राफिक्स भारी आहेत. आमचा डस्ट टू म्हणजे पिवळ्या भिंती आणि चार खोकी. पण 2001 सालचा तो मॅप पोरं अजून खेळतात ते का उगाच? कुठल्या दारातून कोण कधी येणार हे आमच्या गल्लीइतकं पाठ, आणि तरी दर वेळी भीती वाटते. आणि हो, समोर माणूस नसतानाही मजा येते, डूम नावाचा खेळ आठवा, 1993 चा. पण त्यातला एक राक्षस लांबून आगीचा गोळा फेकतो, दुसरा चावायला धावत येतो. प्रत्येकाला वेगळं डोकं लावावं लागतं. उगाच मरायला समोर येऊन उभं राहत नाही कुणी.

तर मी बी साइटवर, एका खोक्यामागं. शिफ्ट दाबून धरलेलं, म्हणजे पाऊल वाजत नाही. कान लावून बसलोय. माझ्या हेडफोनचा डावा कान मेलेला, त्यामुळे सगळं जग उजवीकडूनच यायचं. बॉम्बला 45 सेकंद, आणि वेळ संपत आली की त्याचे बीप जवळजवळ यायला लागतात. नेमकं तेव्हाच लोडशेडिंग. यूपीएस पण बीप करायला लागले. कुठला बीप बॉम्बचा अन् कुठला यूपीएसचा, काही कळेना! इतक्यात हेडफोनमध्ये तो बारीक आवाज. त्यानं बॉम्ब निकामी करायला घेतला होता.

इथं पैशाचा मुद्दा येतो. दर राउंडला खेळातल्याच पैशानं बंदुका विकत घ्यायच्या असतात. एके अडीच हजार डॉलर, एम4 एकतीसशे. हरलात की खिसा रिकामा, मग एखादा राउंड नुसत्या पिस्तुलावर काढायचा. आम्ही त्याला उपास म्हणायचो. बॉम्ब निकामी करायचं किट दोनशेला. किट असेल तर पाच सेकंद, नसेल तर दहा. ह्यानं घेतलं होतं का? ह्या एका विचारात मी दोन सेकंद घालवले, उठलो, वळलो, आणि यूपीएस बसले. आठही स्क्रीन काळ्या.

बॉम्ब फुटला का नाही, यावर आजही भांडण आहे. लग्नकार्यात सुद्धा.

बारावीचं केमिस्ट्री त्या बोळात बुडालं, तेही मान्य. आणि घरी बसून एकट्यानं बुजगावणी मारण्यापेक्षा भाचा रात्री हेडफोन लावून पुण्याच्या, नगरच्या दोस्तांसोबत खेळतो, शिव्या देतो, हसतो, ते मी ऐकलंय. तेवढं बरं आहे. तेव्हा त्याला मारलेल्यांची नावंही माहीत असतात.

राग आता जरा उतरलाय. मघाशी हे सगळं त्याला सांगितलं तर फोन बाजूला ठेवून ऐकत बसला. म्हणे, "मग किट होतं का नव्हतं?" मी म्हटलं, विचार की त्यालाच. कार्ट्यानं खरंच फोन लावला, स्पीकरवर. "काका, 2005 ला तुमच्याकडं किट होतं का?" पलीकडून एका सेकंदात उत्तर: "होतं! सांग तुझ्या मामाला."

नव्हतं. त्या राउंडला त्यानं किट घेतलंच नव्हतं. मला कसं माहीत, ते कुणी विचारू नका.