रावेरच्या वाचकभाऊंना उत्तर: ‘सायफाय’ नाव कुणाचं?

भाऊ, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की सायफाय या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या वाहिनीनं जगभर पसरताना स्वतःचं नाव मोडलं, Sci Fi चं Syfy केलं, कारण तिला विज्ञानकथेची लाज वाटायला लागली होती. आणि या नावबदलावरच्या माझ्या लेखात मी त्या कंपनीची वकिली केली. वर हेही विचारलंत, की अमळनेरला बसून अमेरिकेच्या वाहिनीच्या नावावर एवढं लिहायचं कारण काय?

लाजेच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. 24 सप्टेंबर 1992 रोजी ही वाहिनी सुरू झाली तेव्हा विज्ञानकथा लेखक आयझॅक असिमोव्ह आणि ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी या दोन दिवंगत माणसांना ती अर्पण केली होती. त्याच वाहिनीवर 2006 पासून ईसीडब्ल्यू या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती मंडळाची कुस्ती लागायला लागली. म्हणजे नाव बदलायच्या तीन वर्षं आधीच गाडी रुळावरून सरकली होती. हे मला ठाऊक असून मी लेखात घेतलं नाही, ती माझी चूक.

पण नाव लाजेपोटी बदललं, एवढंच कारण मला पटत नाही. तुम्ही केळीवाले आहात, म्हणून केळीवरच बोलतो. ‘केळी’ हा शब्द कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. ‘जळगाव केळी’ला मात्र 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, कारण त्या नावात माती आहे, गाव आहे. ‘सायफाय’ म्हणजे ‘सायन्स फिक्शन’चं लघुरूप, हा शब्द नुसत्या ‘केळी’सारखा होता. ब्रिटनमध्ये 1 नोव्हेंबर 1995 रोजी वाहिनी गेली, पुढे 2003 मध्ये जर्मनीत, 2005 मध्ये फ्रान्समध्ये, 2007 मध्ये पोलंडमध्ये. प्रत्येक ठिकाणी तिच्या पाटीवर असा शब्द होता, जो शेजारचा दुकानदारही आपल्या पाटीवर लिहू शकत होता. देशोदेशी एकच खूण लावायची तर ती आपल्या मालकीची हवी. म्हणून 7 जुलै 2009 रोजी अमेरिकेत रोमन अक्षरं बदलली आणि 13 एप्रिल 2010 रोजी ब्रिटनमध्ये. फरक मालकीचा होता, उच्चार तोच राहिला. आपल्या देवनागरीत तर तो बदल दिसतही नाही! जुनं लिहा की नवं, ‘सायफाय’च. या एका गोष्टीनं मला हा विषय लिहायला लावला.

आणि पोलंड. तिथला माणूस ती नवी अक्षरं ‘सिफी’च्या जवळपास वाचतो. पोलिश बोलीत ‘सिफ’ म्हणजे घाण, आणि तो शब्द आला सिफिलिस या रोगाच्या नावावरून. ‘सिफी’ हे त्याचंच अनेकवचन. हे नाव घेऊन कुणाच्या दिवाणखान्यात जाणार? म्हणून पोलंडमध्ये वाहिनी ‘सायफाय युनिव्हर्सल’ झाली आणि जुनी अक्षरं तिथं टिकली. सगळ्या जगासाठी घडवलेली खूण एका भाषेच्या दारात थांबली. तुम्ही म्हणता तशी कंपनी सर्वशक्तिमान असती, तर तिनं तिथंही रेटून नेलं असतं.

हे आपल्याला परकं का वाटावं? माझी आजी माझ्या वडिलांना ‘मन्हा आंडोर’ म्हणायची, माझा मुलगा म्हणून, मायेनं. हाच शब्द पुण्यात काढला तर ऐकणारा दचकतो. तुमच्या रावेरकडची लेवा बोली आणि आमची अहिराणी यांतही पाच-पन्नास शब्द असे निघतील. शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्या गावात ठरतो, हे खान्देशातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं: ‘विज्ञानकथा हा आपला विषयच नाही.’ भाऊ, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावानं कथा पाठवली आणि ती पहिली आली. टोपणनाव घेतलं, कारण कथा नावावर नाही तर कथेवर जोखली जावी. ही वाहिनी जन्मायच्या अठरा वर्षं आधीची गोष्ट आहे. ‘विज्ञानकथा’ हा शब्द कुणी नोंदवून ठेवलेला नाही. तो तुमचाही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्या अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा ग्रंथप्रदर्शनात मी दोन दिवस विज्ञानकथांचीच पुस्तकं शोधत फिरलो. सातवी-आठवीतला एक पोरगा माझ्याआधी त्याच टेबलाशी उभा होता. त्याला ‘हा आपला विषय नाही’ असं मी सांगू शकणार नाही.

कुस्तीचा परिच्छेद आज मूळ लेखात घालतो आणि तुमच्या प्रतिक्रियेवरून सुचला, अशी नोंदही करतो. लेवा बोलीतले असे दचकवणारे शब्द सुचले तर नक्की लिहा.