बंद करू का जी?

इच्छामरणाचा विषय निघाला की मला अॅम्ब्युलन्स आठवते.

नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात बाबा सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. वय ८४, मेंदूत रक्तस्राव. नळी ओढू नये म्हणून दोन्ही हात पलंगाच्या दांडीला बँडेजने बांधले होते. दुसऱ्या आठवड्यात हात हलेनासे झाले, तरी बांधलेलेच. महालातल्या शाळेत जन्मभर फळ्यावर मोत्यासारखं अक्षर काढलेल्या माणसाच्या मनगटावर वळ उठले होते.

डॉक्टर म्हणाले, आता आशा नाही. मग मशीन काढा, म्हटलं. ते आम्हाला जमत नाही, म्हणाले. न्यायचं तर तुमच्या जबाबदारीवर न्या, इथे सही करा.

अॅम्ब्युलन्समधून घरी आणेपर्यंत आणि आणल्यावरही वॉर्डबॉय अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत होता. बाविसेक वर्षांचा पोरगा. हात भरून आला की दुसऱ्या हाताने दाबायचा. आईने तोंडात तुळशीचं पाणी घातलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, "ताई, बंद करू का जी?" कूलर बंद करू का विचारावं, तितक्या साध्या आवाजात. मी हो म्हटलं.

नागपुरात हे रोज होतं. गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाड्याहून आलेले लोक असेच "घरी नेतो" म्हणून परत जातात. मरण आपण नाकारत नाही, त्याचा कागद तेवढा नाकारतो. आणि घरी नेलेल्या माणसाला धाप लागली तर हाताशी ना डॉक्टर, ना मॉर्फिन.

कायदा तेव्हाही होता. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कातच, धरला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली; म्हणजे आपली शुद्ध गेली तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा कागद. पण प्रक्रिया इतकी किचकट की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. आमच्या घरी ही दोन्ही मंडळं म्हणजे मी आणि तो पोरगा.

इंजेक्शन देऊन मारण्याच्या मी विरोधात आहे. प्लॉटच्या सातबाऱ्यासाठी म्हाताऱ्याच्या मरणाकडे डोळे लावून बसलेली घरं मी पाहिली आहेत, आणि "तुमच्यावर भार नको" म्हणणारी म्हातारीही. तिचं ते बोलणं मी इच्छा म्हणून मोजणार नाही. हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या परिचारिका अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या परिचारिकांच्या हातांवर ४२ वर्षं जगल्या. त्यांना मरू द्यायला त्या परिचारिकांचा विरोध होता; २०११ मध्ये न्यायालयाने त्यांचं ऐकलं, तेही मला पटतं. पण मरू घातलेल्या माणसाच्या छातीत हवा भरत राहायची, याला मी उपचार म्हणत नाही. इथून सत्तरेक किलोमीटरवर, पवनारला, विनोबांनी १९८२ मध्ये अन्न, पाणी, औषध सोडलं. त्यांचे हात कुणी बांधले नाहीत. अर्थात विनोबा शुद्धीत होते, स्वतः नाही म्हणू शकले. बाबांनी आधी लिहून ठेवायला हवं होतं, आणि आम्ही विचारायला. आमच्याकडे जेवताना मरणाचं नाव काढलं की आई ताट सरकवायची.

गेल्या महिन्यात मी माझं लिव्हिंग विल केलं. कोर्टाच्या आवारातल्या नोटरीने कागद उलटसुलट पाहिला न् विचारलं, "यात प्रॉपर्टी कुठली आहे मॅडम?" म्हटलं, मीच. ते हसले नाहीत.

एक प्रत मनपात देणार आहे. फोटो काढून मुलाला पुण्याला पाठवला. लगेच दोन निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. रात्री दहाला फोन आला, पोहे कसे करायचे विचारत होता. कांदा आधी परतायचा की शेंगदाणे, यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.