‘आमच्या कुत्रीलाही रक्त जातं’ : एका कॉमेंटला उत्तर

नमस्कार साहेब. नाव लिहायला तुम्हाला जमलं नाही, म्हणून साहेबच म्हणतो.

माकडिणीला बायकांसारखी पाळी येते, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "आमच्या कुत्रीलाही रक्त जातं, मग तिलाही पाळी येते म्हणायचं काय? शेतात माकडं हाकणाऱ्यांनी सायन्स शिकवू नये."

हाकलीत की ओ माकडं. खानापूर तालुक्यात आमची रताळी असायची, शाळा सुटली की दप्तर टाकून गोफण घ्यायची आणि बांधावर बसायचं, ते काम माझंच, आणि त्याची मला काडीची लाज नाही. हाकता हाकता माणूस बघतो पण. कुठलीच्या पोटाला पिल्लू चिकटलंय, ते दोन्ही सडं एकदम तोंडात धरून कसं झोपतं, आणि अंगावर पितंय तोवर नर तिच्या फारसे मागं का लागत नाहीत. दूध चालू असलं की पाळीचं चक्र थांबतं, हे मला पुस्तकात नंतर सापडलं, आधी बांधावर दिसलेलं. तुम्ही कुठं बसून बघितलंत ते पण लिहा की एकदा.

आता कुत्री. तिचं रक्त माजाच्या सुरुवातीला जातं, बीज सुटायच्या आधी, इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढून गर्भाशय रक्तानं भरलेलं असतं तेव्हा. माकडिणीचं बरोब्बर उलटं. बीज आधी सुटतं, गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं हार्मोन, उतरतं, आतलं अस्तर गळतं आणि मग रक्त जातं, बायकांचं असतं तसंच, चक्र पण 28 दिवसांच्या आसपासचं. बीज सुटणं आणि रक्त जाणं यांचा संबंध अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर यांनी रीसस जातीच्या माकडिणींवरच तपासला आणि 1923 ला छापला, पुढं 1929 ला विलार्ड ॲलन यांच्यासोबत ज्या हार्मोनवर काम केलं ते हेच प्रोजेस्टेरॉन. ते काय रताळी राखत नव्हते, त्यांचं तरी ऐकाल?

एक मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. लेखातला फोटो उत्तरेकडच्या रीससचा आहे, तोंड आणि ढुंगण लालभडक झालेलं. आपल्याकडच्या, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेल्या माकडिणीला तसं काही होत नाही. फोटो उद्या बदलतो.

"हनुमानाच्या वंशाची बदनामी" म्हणालात, तर ती मी केलेली नाही. इथून दीड-दोन तासांवर धारवाडला सुगियामा नावाच्या जपानी संशोधकांनी 1960 च्या दशकात काळ्या तोंडाची वानरं बघितली. बाहेरचा नर कळप ताब्यात घेतो, अंगावरची पिल्लं मारली जातात आणि त्यांच्या आया लवकरच परत माजावर येतात. दूध थांबलं, चक्र सुरू झालं. वाईट वाटतं वाचून, मलाही वाटलं, पण म्हणून लिहायचंच नाही काय?

दर महिन्याला पाळी तर पिल्लं ठराविक महिन्यांतच का दिसतात वगैरे बाकीचं जे लिहिलंय त्यात आता शिरत नाही, वेळ पण नाही, आणि ज्या भाषेत विचारलंय त्या भाषेला उत्तर द्यायची मला सवय नाही.

तुमची दुसरी कॉमेंट डिलीट केलीय. माझ्यावर काय लिहायचं ते लिहा, आमच्या आईवर लिहिलेली ओळ इथं राहणार नाही.