खुलासा : फोटोतली चीनची भिंत छिन सम्राटाची नाही

बीजिंगजवळच्या बाडालिंग इथल्या भिंतीचा फोटो आणि खाली ‘2200 वर्षांपूर्वी छिन शी ह्वांगने बांधली, चुन्यात मजुरांची हाडं कालवली’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

छिन काळातली, म्हणजे चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांगच्या वेळची, भिंत बहुतांशी धुम्मस करून ठोकलेल्या मातीची किंवा रचलेल्या दगडांची होती, आणि ती आजच्या भिंतीच्या बरीच उत्तरेला होती. तिचे आता उंचवटेच उरलेत. फोटोतली विटांची भिंत मिंग घराण्याची (1368–1644). 1449 मध्ये तुमू इथल्या लढाईत मंगोलांनी खुद्द सम्राटालाच पकडून नेलं, तेव्हापासून बांधकामाला जोर आला. बीजिंगजवळचे विटांचे टेहळणी बुरूज मुख्यतः सेनापती छी जिग्वांगच्या काळातले, म्हणजे 1568 नंतरचे.

हाडांचं म्हणाल तर, मिंग चुन्यात सापडते ती चिकट तांदळाची पेज! पाण्यात विरवलेल्या चुन्यात ती मिसळत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. पेजेतल्या स्टार्चमुळे त्याचे स्फटिक बारीक राहतात, गच्च बसतात. नुसत्या चुन्याचे स्फटिक मोठे, म्हणून जोड ठिसूळ.

‘चंद्रावरून दिसते’ हीही थापच. माथ्यावर जेमतेम 5 मीटर रुंदीची भिंत पावणेचार लाख किलोमीटरवरून कशी दिसणार?