मिठापेक्षा सुरक्षित म्हणे!

गणपतीच्या आधी आवार साफ दिसावं म्हणून आमच्या सिंहगड रोडवरच्या सोसायटीत ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं. एका आजींनी हरकत घेतली, तर लगेच ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड: 'ग्लायफोसेट मिठापेक्षा सुरक्षित. माणसावर ते चालतच नाही. मातीला लागलं की निकामी. युरोपनेही दहा वर्षं परवानगी दिली, कॅन्सरची भीती खोटी.' गाजर गवताची देशातली पहिली नोंद १९५५ साली पुण्यातलीच, त्यामुळे तणाचा राग आम्हाला वारशातच मिळालाय. पण म्हणून काहीही खपवून घ्यायचं?

मिठाचा दाखला उंदरांवरच्या चाचणीतून आलाय. किती पोटात गेलं तर निम्मे उंदीर मरतात? मीठ किलो वजनामागे साधारण ३ ग्रॅम, शुद्ध ग्लायफोसेट ५ ग्रॅमच्या वर. आकडे बरोबर आहेत. पण वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगावर उडत राहिलं तर काय, हे ही चाचणी सांगतच नाही. शिवाय कॅनमध्ये नुसतं ग्लायफोसेट नसतं. पानावर पसरून आत शिरावं म्हणून साबणासारखं द्रव्यही घातलेलं असतं. अशा द्रव्यांतलं एक, पीओईए, हे मूळ औषधापेक्षा जास्त विषारी, म्हणून २०१६ मध्ये युरोपने ते ग्लायफोसेटमध्ये मिसळायला बंदी केली. आमचे माळीमामा पायात स्लीपर, हात उघडे, असे फवारत होते. "मामा, हातमोजे?" तर म्हणाले, "दिले तर घालू की."

'माणसावर चालत नाही' हे बरंचसं खरं. वनस्पती ज्या मार्गाने काही अमिनो आम्लं बनवतात तो मार्ग हे औषध तोडतं, आणि माणसात तो मार्ग नाही. बुरशीत आणि कितीतरी जिवाणूंत मात्र आहे. मधमाश्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने घटतात, असं २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं.

मातीचं ऐकून मला हसूच आलं. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, मान्य. पण चिकटलं म्हणजे संपलं नाही. निम्मं विघटन व्हायला कुठे काही दिवस लागतात, कुठे काही महिने, आणि त्यातून उरणारं आम्पा नावाचं रसायन त्याहून चिवट. आणि चिकटायला आधी माती तर हवी! आम्ही फवारलं पेव्हर ब्लॉकच्या फटींत. फवारून मामा पंप धूत होते तोवर सर आली. ब्लॉकवरचं सगळं पावसाळी गटारात, तिथून ओढ्यात, मुठेत, आणि पुढे भीमेतून उजनीत.

आता युरोप. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुदतवाढ मिळाली खरी, पण सदस्य देशांत पुरेसं बहुमत झालं नाही म्हणून युरोपीय आयोगाने स्वतः निर्णय घेतला. कॅन्सरबाबत दोन्ही बाजू ताणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. ते धोक्याच्या स्वरूपाबद्दल आहे, किती मात्रेला किती धोका याबद्दल नाही. उलट अमेरिकेत ५४ हजारांवर फवारणाऱ्यांच्या पाहणीत २०१८ साली एकंदर कॅन्सरशी संबंध आढळला नाही. तेव्हा 'फवारलं की कॅन्सर' हे मीही म्हणणार नाही. पण त्याच युरोपात फ्रान्सने अशी रासायनिक औषधं २०१७ पासून सार्वजनिक बागांत, २०१९ पासून घरच्या बागेत आणि २०२२ पासून चक्क निवासी सोसायट्यांच्या आवारात बंद केली. हे फॉरवर्डमध्ये कसं नाही? आपल्याकडेही ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेत फवारणीची मुभा फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांना होती. मामा काही ते नव्हेत.

इंदापूरला माझा चुलतभाऊ बांधावर हेच मारतो. लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत पोचतं, खुरपायला माणूस मिळत नाही. त्याची अडचण मला कळते. आमच्याकडे गवत अर्धा गुंठाही नाही. दोन खुरपी आणि रविवारची सकाळ पुरे.

आणि सेक्रेटरीसाहेब, उरलेलं औषध पंपरूममध्ये कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलंय, लेबल नाही. पोरं क्रिकेटचा बॉल शोधायला तिथेच शिरतात. ते आजच्या आज हलवा.