पार्किंगमधला जज

शेजारच्या साळवीवहिनींनी बाळ्याला डॉग शोमध्ये उतरवायचं ठरवलं. दुसऱ्याचा कुत्रा, दुसऱ्याचा रविवार; माझं काय जात होतं? पण वहिनी म्हणाल्या, "भावजी, तिथे परका माणूस अंगाला हात लावतो. सवय हवी. रोज संध्याकाळी तुम्ही जज व्हायचं." बोरिवली फास्टमधून नुकत्याच उतरलेल्या माणसात नाही म्हणायचं त्राण नसतं.

माझा समज होता की जज सगळ्या कुत्र्यांवर नजर टाकून त्यातला देखणा निवडतो. तसं नाही. साहेबाने 1873 साली लंडनला केनेल क्लब काढला आणि कुत्र्यांचीही कागदपत्रं सुरू झाली. प्रत्येक जातीचा कुत्रा कसा हवा हे लिहून ठेवलंय. त्याला ब्रीड स्टँडर्ड म्हणतात. जज समोरच्या कुत्र्याची तुलना त्या कागदावरच्या कुत्र्याशी करतो. लॅब्राडोर नर असेल तर खांद्यापाशी उंची 56-57 सेंटिमीटर, पाठ सरळ, शेपटी पाणमांजरासारखी, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती. वहिनींनी हे सगळं छापून माझ्या हातात दिलं. मी एवढ्या बारकाईने फ्लॅटचं ॲग्रीमेंटही वाचलेलं नाही.

पार्किंगमध्ये दोन ॲक्टिव्हांच्या मधे बाळ्या ताठ उभा. वहिनींना संकष्टीचा उपास आणि ड्रेसच्या खिशात त्याच्यासाठी उकडलेली कलेजी. आधी दात. ओठ वर करायचा, वरचे दात खालच्यांना घासून पुढे येतात का बघायचं, मग मागच्या दाढांपर्यंत मोजणी. एकूण 42. बाळ्याच्या तोंडाचा वास मी लेखनमर्यादेमुळे वगळतो. मग मान, खांदे, बरगड्या. लॅबला दुहेरी केस असतात, त्यामुळे आतली चरबी डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात उतरायचे, म्हणून हा कोट. आता तो बोरिवलीत घाम न गाळता नुसता धापा टाकतो.

यानंतरची तपासणी नरांचीच. दोन्ही वृषणं जागेवर उतरलेली आहेत याची जजला हाताने खात्री करावी लागते. मी ती करत असतानाच सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमधून बाहेर आले. थांबले. काही बोलले नाहीत. तेव्हापासून मेंटेनन्सच्या मीटिंगला माझ्याशेजारची खुर्ची रिकामी असते.

चाल बघणं त्यातल्या त्यात बरं. कुत्रा सरळ लांब जातो आणि परत येतो: जाताना मागचे पाय, येताना कोपरं, मग त्रिकोणात फिरवून बाजूने पावलांची झेप. दिवसभर शिकार उचलून आणायची तर पाय वाकडे टाकून भागत नाही, हे मला पटलं. आमचा त्रिकोण मात्र सेक्रेटरींच्या वॅगनआरमुळे चौकोनी व्हायचा.

शोच्या दिवशी जजबाईंनी हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकलं. बाळ्या खांबासारखा उभा. दात उत्तम, शेपटी उत्तम. मग बाईंचा हात बरगड्यांवर आला आणि तिथेच घुटमळला. वहिनींनी कुंपणाबाहेर उभ्या साळवींकडे पाहिलं. साळवी एकदम आभाळात विमानं शोधू लागले. वहिनी झोपल्यावर घरात साजूक तुपाच्या पोळ्या कोणाच्या पोटात जात होत्या, ते असं भर मैदानात उघडकीला आलं.

बाळ्या तिसरा आला. परतताना गाडीत तो रिबन चावत होता आणि साळवी गप्प होते.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरली. काल रात्री तिसऱ्या मजल्यावरची मुलगी तिचा पग काखेत मारून दारात. "काका, छोट्या कुत्र्यांना टेबलावर उभं करून तपासतात ना? आई म्हणाली, तुमचं डायनिंग टेबल अगदी बरोब्बर उंचीचं आहे."